दुसरा नंबर आईच्या नावावर

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, टॅबची बॅटरी बदलून झाली. दादा शनिवारी स्वारगेटहून एसटीने निघेल, त्याच्याबरोबर देते. पण टॅब उघडलात की खरेदीचं तुमचं जुनं खातं त्यात सापडणार नाही. ते मी बंद केलंय. त्याच्या जागी नवीन खातं उघडून तुमच्या गोळ्या, घरचा पत्ता, आईचा नेहमीचा चहा, सगळं त्यात भरून ठेवलंय. हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता. म्हणून लिहायला बसले. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.

तुमचं नंबर न देण्याचं धोरण मला पूर्ण पटतं. कपड्यांच्या दुकानात बिल करताना नंबर मागतात, चष्मेवाला मागतो, आणि मग दुपारी जरा डोळा लागला की कर्जवाले, प्लॉटवाले सुरू होतात. त्यात तुमचा तो नंबर नोकरीत असल्यापासूनचा. पेन्शनचं खातं, आधार, गॅस, लाइट बिल सगळं त्याच्यावर. तो वाटेल तिथे द्यायचा नाही असं तुम्ही ठरवलंत ते योग्यच आहे. २०१९च्या पुरात शाहूपुरीत पाणी चढायला लागलं तेव्हा टीव्ही खालीच राहू देऊन कागदांची पिशवी आधी वर नेणारे तुम्ही. तुम्हाला सांभाळून राहायला मी काय शिकवणार!

फक्त खरेदीचं खातं उघडताना खरा नंबर द्यायला नको म्हणून वरच्या मजल्यावरच्या मुलाने फुकटचा व्हर्च्युअल नंबर देणारी जी साइट दाखवली, ती आपल्या कामाची नाही. त्याला काही बोलू नका हं. त्याने मनापासून मदत केली, आणि त्याच्या वयाची मुलं गेम उघडायला असे नंबर सर्रास वापरतात.

व्हर्च्युअल नंबर म्हणजे ज्याच्यामागे सिम नसतं. त्यावर आलेला मेसेज कुणाच्या हातातल्या फोनवर न जाता कंपनीच्या सर्व्हरवर उतरतो आणि तिथून अ‍ॅपमध्ये किंवा वेबपेजवर दिसतो. ही काही चोरांची सोय नाही. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी आपण इथे टॅक्सी बोलवायचो, तेव्हा ड्रायव्हरचा फोन भलत्याच नंबरावरून यायचा, आठवतंय? मधे असाच एक नंबर असतो. दोघांना एकमेकांचा खरा नंबर कळत नाही आणि बोलणं मात्र होतं. पैसे भरून असा नंबर भाड्यानेही मिळतो, आणि भाडं भरतोय तोवर तो आपल्या एकट्याकडे असतो. पण तुम्ही घेतलात तो फुकटातला. तो एकाच वेळी हजार माणसं वापरू शकतात आणि त्यावर येणारा प्रत्येक मेसेज त्या पेजवर जगजाहीर दिसतो. मी टॅबवर ते पेज उघडलं तर एकाखाली एक कोडच कोड. कुणाचा जेवणाच्या अ‍ॅपचा, कुणाचा लग्न जुळवणाऱ्या साइटचा, आणि त्यातच तुमच्या खरेदीचा. माझ्या पोटात गोळा आला, बाबा.

कारण या खरेदीच्या अ‍ॅपना पासवर्ड लागतोच असं नाही. नंबर टाकायचा, आलेला कोड टाकायचा की खातं उघडलं. म्हणजे तो नंबर अ‍ॅपमध्ये टाकून तुमचा कोड त्या पेजवर वाचणारा कुणीही तुमच्या खात्यात शिरू शकत होता. आत काय होतं? घराचा पत्ता, मजल्यासकट. आईचं नाव. दर महिन्याला येणाऱ्या बीपीच्या गोळ्या. उद्या कुणी फोन करून "काका, तुमच्या बीपीच्या गोळ्यांचं पार्सल अडकलंय" म्हणाला, तर तुम्ही का विश्वास ठेवणार नाही? त्याला सगळं माहीत असणार.

घाबरून जाऊ नका. एक रुपयाही गेलेला नाही. आईने पासबुक भरून आणलं तेव्हा आम्ही दोघींनी फोनवर ओळ अन् ओळ वाचली. कार्डाने पैसे भरताना बँकेचा वेगळा कोड लागतो, रिझर्व्ह बँकेने २००९ सालापासून ऑनलाइन कार्डाला ही दुसरी खात्री सक्तीची केलीय, आणि तो कोड तुमच्या खऱ्या नंबरावरच येतो. त्या दाराला कुलूप होतंच. पण घरचा पत्ता नि औषधं अशी उघड्यावर असताना मला झोप लागली नसती. शिवाय असे फुकटचे नंबर साइटवाले मधेच काढून टाकतात. तसं झालं असतं तर तुमच्याच खात्यात तुम्हाला शिरता आलं नसतं, आणि परत केलेल्या वस्तूचे पैसे मागायला जायचं कुठे? तो नंबर अजून त्या पेजवर होता म्हणून खातं बंद करायचा कोड तरी मला मिळाला.

आता नवीन नंबराचं. आई, तूच सांग त्यांना, आपण राजारामपुरीत गेलो होतो ते नुसतं ब्लाउजपीस घ्यायला नव्हतं. नव्या सिमसाठी आधार कार्ड दाखवायला काढताना तुझ्या पर्समधून आधी अंबाबाईच्या कुंकवाची पुडी निघाली, मग केएमटीची तिकिटं, मग माझा दहावीतला फोटो. तो अजून ठेवलायस तू! तर ते सिम तुझ्या नावावर आहे, रीतसर. साध्या बटणांच्या फोनमध्ये घातलंय, अक्षरं मोठी आहेत आणि बॅटरी बरेच दिवस टिकते. त्या नंबराला बँक जोडलेली नाही, आधारच्या नोंदीतही तो दिलेला नाही. तो खरेदीसाठी आणि दुकानातल्या बिलांसाठी. कर्जवाल्यांना करू देत त्यावर फोन, दुपारी तो बंद करून झोपा.

मी आधी माझाच नंबर देणार होते. दादाही तेच म्हणत होता. पण डोळ्यांसमोर आलं की पार्सलवाला दारात उभा आहे, कोड मागतोय, मी इथे मीटिंगमध्ये आहे आणि बाबा चैत्राच्या उन्हात फाटकापाशी ताटकळत "थांब हं, पोरीला विचारतो" म्हणताहेत. ते मला नको होतं. तुम्हाला साधी चप्पल मागवायची तरी मुलीच्या फोनची वाट का बघायची? तुमचा कोड तुमच्या हातात यायला हवा. बाबा, तुम्ही त्या साइटवर गेलात ते मला त्रास नको म्हणूनच ना? आईने सांगितलं. मी इथे कामात बुडालेली असते, फोन उचलत नाही, हे मनाला लागतं हो माझ्या. पण तुमचा त्रास मला कधी होत नाही.

पैसे भरून नंबर भाड्याने घ्यायचाही विचार केला. पण भाडं थांबलं की तोच नंबर दुसऱ्याकडे जातो, आणि बऱ्याच साइटना तसले नंबर चालत नाहीत. साधं सिम बरं. तेही जपावं लागतं. सलग ९० दिवस वापरलंच नाही तर बंद पडू शकतं आणि पुढे काही काळाने तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. रिचार्ज मी करेन, त्यात पडू नका. आई, तू दर रविवारी लक्ष्मीपुरीतून बाजार करून आलीस की त्याच फोनवरून मावशीला फोन करत जा. दोन्ही कामं होतील.

बाबा, तुम्हाला आपला शब्द आठवतो का? मी बालवाडीत होते तेव्हा तुम्ही बजावलं होतं, न्यायला कुणीही आलं तरी आधी आपला शब्द विचारायचा, सांगता आला तरच हात धरायचा. तात्या आले होते न्यायला, त्यांना शब्द माहीत नव्हता, आणि मी फाटकाच्या आतून हललेच नाही. बाई चिडल्या, तात्या घामाघूम. तुम्ही ऑफिसातून सायकलवर धावत आलात आणि रागावण्याऐवजी मला दूध कोल्ड्रिंक पाजलंत. मला वाटलं मी काहीतरी मोठं केलंय.

तो शब्द इथे लिहीत नाही. पण आता तो तुम्ही मला विचारायचा. हल्ली मुलांच्या हुबेहूब आवाजात फोन येतात, रडतात, पैसे मागतात, कोड मागतात. माझ्या आवाजात असा फोन आला तर आधी शब्द. मी असले तरी कोड फोनवर सांगायचा नाही. मी मागितला तर मलाही नाही. आई, तू हळवी होतेस, म्हणून तुला दोनदा सांगते.

पार्सलवाल्याला कोड कधी द्यायचा तेही ऐका. पार्सल हातात आलं, वरचं नाव वाचलं, आपणच मागवलंय याची खात्री झाली, मग. "ऑर्डर रद्द करायचीय, आलेला कोड सांगा" असा फोन आला की तो फसवणारा. सरळ ठेवून द्यायचा, वाद घालत बसायचं नाही. बाबा, तुमचं बीपी वाढतं. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हल्ली एक अक्षर येतं. तिथे इंग्रजी पी दिसला की जाहिरात, बघायचंच नाही. आणि देव न करो, पैसे गेलेच, तर लाजायचं नाही, माझी वाट बघायची नाही, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा, मग बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. १९३० हा नंबर मी फोनमध्ये दोनच्या बटणावर ठेवलाय. तीनवर मी आहे, चारवर दादा.

कालनिर्णयच्या मागे पासवर्ड लिहिणं आता बंद. तिथे दुधाचा हिशोब लिहा. जुने लिहिलेले काळ्या पेनाने खोडा, दादा आल्यावर बघेल.

आणि सगळंच घरी मागवू नका बरं का. गोळ्या, जड सामान, आईच्या गुडघ्याचा पट्टा एवढंच. भाजीला, दळणाला बाहेर पडा, चार माणसं भेटतात. बाबा, सकाळचं रंकाळ्याचं फिरणं थांबलंय असं कानावर आलंय. परत सुरू करा, वाटेत कटाच्या आमटीची चौकशी करत कुणाच्या घरी शिरू नका, मीठ जास्त असतं त्यात. आई, पातळ भाकरी केलीस तर एक जास्त चालेल त्यांना, पण पांढरा रस्सा आठवड्यातून एकदाच. रागावलात का? फोन करा आणि मला चांगलं झापा, मी ऐकून घेईन.

मे महिन्यात येतेय. तोवर नवीन खात्यावरून एक तरी वस्तू तुम्ही स्वतः मागवा, बाबा. काहीही चालेल, सुतळीचा गुंडा मागवलात तरी.

तुमची,
नमू

ता. क. परत पाठवलेल्या कुकरचे पैसे जुनं खातं बंद करायच्या आधीच तुमच्या बँकेत जमा झालेत, नोंद बघून घ्या. नवा कुकर मी मागवलाय, पाच लिटरचा, बाहेरच्या झाकणाचा. आईला तसाच हवा होता. बुधवारपर्यंत येईल, कोड बटणाच्या फोनवर.