मॅडम, आईच्या अंगठ्याबद्दल

आदरणीय मॅडम,

परवा दहावीचा निकाल लागला. धाकटीला ६४ टक्के. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या आधार कार्डाची मी कोरीच बाजू झेरॉक्स करून दिली. तुम्हाला फोन लावला तर घसा दाटून आला, काहीच बोलता येईना. म्हणून हे लिहितोय.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण तिच्या आधी मी ह्याच वळणावर घसरलो होतो. दुसऱ्या शाळेत होतो, नववीत. दिवाळी झाली, आईबाप कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, कोल्हापूरकडं निघाले, मीही ट्रकात बसलो. उन्हाळ्यात परत आलो तर हजेरीतून नाव कमी. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळं आमचा निकाल खाली येतो. सतरा नंबरचा फॉर्म भरा." भरला, शाळेबाहेरून दहावी काढली. त्यांच्या केबिनमध्ये '१०० टक्के निकाल'चा फलक होता. बरोबरच आहे, नापास होईल असं पोरगं आधीच वजा केलं की शंभर भरतातच.

त्यामुळं मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घरात येऊन पडलेली असताना तुम्ही दारात दिसलात, तेव्हा वाटलं, दाखला हातात द्यायला आल्या. आठवीपर्यंत निदान २००९ चा शिक्षण हक्क कायदा पाठीशी असतो. चौदा वर्षं उलटलेल्या पोरीला कोण विचारतंय? तुम्ही तर कोयत्याला जाणाऱ्या घरांची यादीच केली होती. मुख्याध्यापकाचं पद प्रभारी, गणिताची जागा रिकामी म्हणून दहावीचे तास तुमच्याकडंच, क्लार्कही नाही. मुख्याध्यापकांचे हाल मला नवीन नाहीत. यू-डायसची, म्हणजे शाळेची माहिती सरकारला ऑनलाइन भरायची, मुदत संपत आली की आमच्या दुकानात रात्री दहाला येऊन बसतात बिचारे, सगळ्यांना नावं ठेवायची नाहीत मला. त्या दिवशी शिपाईमामांनी तुम्हालाही आठवण केली, "मॅडम, आज माहिती पाठवायचीय." तुम्ही म्हणालात, "ती रात्री बी भरता येती. ही पोरगी रात्रीतून ट्रकात बसंल."

धाकटी आजीजवळ कशी राहिली, संध्याकाळी कोण कोण सर चक्कर टाकायचे, ते लिहीत बसत नाही. मला अंगठ्याचं सांगायचंय.

संमतीच्या कागदावर आईचा अंगठा हवा होता. तिच्या अंगठ्याला बारा महिने भेगा. शाई आत शिरली की आठ-आठ दिवस निघत नाही. माझ्या शाळेत तिनं एकदा बोट भिंतीला पुसलं, तर क्लार्क सगळ्यांसमोर खेकसला होता. तेव्हापासून ती केसात पुसते. तुमच्या ऑफिसातही तिचा हात डोक्याकडं गेलाच. तुम्ही तो मधेच धरलात. ड्रॉवरमधून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, फडक्याला दोन थेंब लावले आणि एकेक भेग पुसत बसलात. पुसता पुसता विचारत होतात, "यंदा कोणता कारखाना? थंडीचं पांघरूण हाय का पुरेसं?" आईला उत्तरच देता येईना. मी दारात उभा होतो, मीही तिकडून नजर काढून घेतली.

पुढं पाच महिने खोपीत तिनं हेच सांगितलं. शेजारच्या बायका कंटाळल्या म्हणे. आमच्याकडं अशाला माणसातलं माणूस म्हणतात, आणि हा शब्द सहजासहजी कुणाला मिळत नाही. पुढाऱ्याला तर नाहीच.

आईनं गुऱ्हाळावरून तुमच्यासाठी गुळाची ढेप आणलीय. गुणपत्रिका घ्यायला येऊ तेव्हा घेऊन येतो. तुम्ही घेणार नाही हे तिला मी सांगितलंय, ती म्हणाली, "शिपाईमामाच्या हातात दे अन् निघून ये."

तुमच्या दहावीतल्या पोरीचा थोरला भाऊ,
अंबाजोगाई