अंगठ्याचा ठसा बदलता येत नाही

महोदय,

पीकविम्याचा अर्ज भरण्यासाठी नुकताच एका सेवा केंद्रात गेलो असता, शेतकऱ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स टेबलावर उघड्या पडलेल्या दिसल्या आणि त्यांतल्याच एका पाठकोऱ्या कागदावर केंद्रचालक दुसऱ्याच कोणाचा तरी ओटीपी लिहून घेत होता. त्याची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही; पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठ्याचा ठसा बदलता येत नाही, आणि आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढताना हाच ठसा सहीचे काम करतो. आधारमधले बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून त्यांचा वापर थांबवण्याची सोय आहे, हे त्या रांगेत कोणालाही ठाऊक नव्हते. (मलाही ते मुलीने सांगितले तेव्हा कळले.) सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ साली वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला, मात्र या कायद्याचा डोलारा मुख्यतः ज्या संमतीवर उभा आहे, ती आमचा शेतकरी न वाचलेल्या इंग्रजी अटींखाली अंगठा टेकवून देतो. निदान अटी मराठीत वाचून दाखवणे आणि काम झाल्यावर झेरॉक्स परत करणे जिल्हा प्रशासनाने केंद्रांना सक्तीचे करावे.

– एक निवृत्त शिक्षक, औसा (जि. लातूर)