रविवारच्या बैठकीला येताना औषधांची पिशवी आणा

सभासदांनो,

रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या जागी भेटतोय. येताना घरातल्या आजारी ज्येष्ठांची सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. चालू, बंद केलेली, डोळ्यांचे थेंब, अगदी उशाखाली सापडलेली अर्धी स्ट्रिपसुद्धा. माझ्या आईच्या डब्यात रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघाली होती आणि दोन्ही रोज चालू होत्या! म्हणून नावापेक्षा स्ट्रिपवरचा घटक वाचायचा. मनाने मात्र काही बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवीन सुरू झालेलं औषध, कारण यातलं असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर 2 तासांनी बदलायची, हे मागे बोललोच आहे.

घर सोडून येता येत नसेल तर शनिवारपर्यंत कळवा, कुणीतरी तासभर तुमच्याकडे येऊन बसेल. संकोच नको, मीही दोनदा बोलावलंय.