श्वास कुठे घेतो तो

पार्ले, रविवार रात्र

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

तुझं विमान सुटलं तेव्हापासून आपल्या जॅझ सॅक्सोफोनवाल्या सोनी रोलिन्सचा कप्पा काढून बसले आहे. ३१ एलपी आणि १७ सीडी. नव्या जागेत दहाच्या वर नकोत असं बजावून गेलास, म्हणून भिंतीला टेकवून दोन रांगा केल्या, एक न्यायच्या आणि एक द्यायच्या. साडेअकरा वाजून गेलेत आणि द्यायच्या रांगेत एकच रेकॉर्ड आहे, तीही चुकून दोनदा घेतली गेली होती म्हणून.

खोकल्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून कागद घेतलाय. टॅक्सीत झालं तेवढं पुरे. पण "आई, जरा ऐकणं थांबव ना" असं तू म्हणालास आणि खिडकीकडे तोंड फिरवलंस, ते काही मनातून जात नाही. मी गप्प बसले ती रागाने नाही. त्याचं जे उत्तर होतं ते ड्रायव्हरसमोर देण्यासारखं नव्हतं. ते लिहीन, पण आधी थोडं दुसरं लिहू दे.

१९७८ साली अरूदादा मला धोबीतलावच्या रंगभवनात घेऊन गेला, पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाला. मी १९ वर्षांची. तोवर घरातलं नाट्यसंगीत आणि आकाशवाणी, एवढंच कानावरून गेलेलं. डोक्यावर उघडं आकाश आणि समोर रोलिन्स, उंच, दाढीवाला माणूस, टेनर सॅक्सोफोन गळ्यात अडकवून, वाजवता वाजवता येरझारा घालणारा. दादा कानात म्हणाला, हा आपल्या पवईला राहून गेलाय. मला वाटलं थापा मारतोय. पण खरंच होतं. १९६८ च्या सुमाराला सगळं नाव बाजूला ठेवून रोलिन्स चिन्मयानंदांच्या आश्रमात वेदान्त शिकायला आला होता आणि काही महिने राहिला होता. त्या रात्री मला सुरांतलं फार काही कळलं नाही. कळला तो श्वास. एवढा मोठा आवाज एका छातीतून निघतोय आणि ती छाती मधूनमधून भरावी लागतेय, हे मी वाक्यावाक्याला बघत होते. आता रंगभवनात शांतता क्षेत्र आहे म्हणून मैफलीच होत नाहीत. तिथून बस गेली की अजून वाईट वाटतं.

पुढे तूही तेच विचारलंस. आठवतंय? पाच वर्षांचा होतास. 'वे आउट वेस्ट' लावली की तू टर्नटेबलच्या टेबलाखाली जाऊन बसायचास, कारण पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला ड्रमर शेली मॅन घोड्याच्या टापा वाजवतो. "आई, टापांचं गाणं लाव." कव्हरवर वाळवंटात काउबॉयची टोपी घालून सॅक्सोफोन धरून उभा असलेला रोलिन्स, त्याला तू 'टोपीकाका' म्हणायचास. ती रेकॉर्ड ७ मार्च १९५७ ला लॉस एंजेलिसमध्ये झाली, तीही पहाटे तीन वाजता, कारण बासवाला रे ब्राउन आणि शेली मॅन दोघांनाही दिवसभर दुसरी कामं होती. सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स, एवढंच. पियानो नाही. त्यामुळे रोलिन्स थांबला की मागे कुणी जागा भरून काढत नाही, आणि कान लावला तर बोटांखालच्या कळांचा टकटक आवाजही येतो. तू मला विचारलंस, "हा श्वास कुठे घेतो?" मी तुझा कान स्पीकरच्या कापडाला लावला. दोन मिनिटं तू डोळे मिटून बसलास आणि मग माझ्या गुडघ्यावर बोट आपटलंस. इथे. मग पुन्हा, इथे. पूर्ण बाजूभर आपण दोघं श्वास मोजत बसलो. आमटी खाली लागली त्या दिवशी, बाबा काही बोलले नाहीत.

परवा रात्री भिंतीपलीकडून मी तेच मोजत होते. तू फोनवर साइटच्या कुणाशी बोलत होतास. चार शब्द झाले की श्वास घेत होतास. गणपतीत आला होतास तेव्हा असं नव्हतं.

लिहिलंच शेवटी. असो.

'सॅक्सोफोन कोलोसस' अर्थातच न्यायच्या रांगेत आहे. ती मला बांद्र्याला एका गोवेकर म्हाताऱ्या वादकाने १९८४ मध्ये ४० रुपयांना दिली. त्यांनी उभी हयात हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात टेनर वाजवला होता, दात गेले आणि वाजवणं बंद झालं. पैसे मोजून घेतले आणि मग रेकॉर्ड हातात द्यायच्या आधी मला अर्धा तास बसवून ती वाजवून दाखवली. पहिली छपाई नाही ही. पहिलीच्या लेबलवर न्यूयॉर्कचा ४४६ वेस्ट ५०वी स्ट्रीट असा पत्ता असतो, आपल्या लेबलवर बर्गनफिल्ड, न्यू जर्सी आहे. मला फरक पडत नाही. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत आर-व्ही-जी कोरलेलं आहे ना, रूडी व्हॅन गेल्डरच्या हातचं काम, ते पुरे. २२ जून १९५६ ला या माणसाने आपल्या आईवडलांच्या घराच्या दिवाणखान्यात हे रेकॉर्डिंग केलं. दिवाणखान्यात! आपण पाहुणे आले की चहा कुठे ठेवायचा याचा विचार करतो.

त्यातलं 'सेंट थॉमस' सगळ्यांना आवडतं, तुलाही, कारण त्यावर डबे वाजवता येतात. ती चाल रोलिन्सला लहानपणी आईकडून मिळाली, ती कॅरिबियन बेटांकडचीच. पण या रेकॉर्डची खरी गंमत शेवटी आहे, 'ब्लू सेव्हन'मध्ये. एक एवढासा तुकडा घेतो आणि अकरा मिनिटं त्यालाच फिरवतो. कधी अर्धाच म्हणतो, कधी उलटा, कधी नुसती त्याची सावली. आपल्याकडे बढत म्हणतात ती हीच. एका पंडिताने या सोलोची चिरफाड करून मोठा लेख लिहिला, आणि तो वाचून रोलिन्सला वाजवताना स्वतःचंच भान येऊन अवघडल्यासारखं व्हायला लागलं म्हणे. मला ते फार पटतं. फार बारीक ऐकलं तर समोरचा अवघडतो. हे मी माझ्यावरूनच लिहितेय, कळलं तुला.

'फ्रीडम सूट' तू आणलेली. १९५८ ची, एक अख्खी बाजू एकाच रचनेची, आणि काळ्या माणसाच्या हक्कांविषयी रोलिन्सने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला मजकूर त्या रेकॉर्डसोबत. दिल्लीच्या कुठल्याशा दुकानातून दोन टॉवेलांत गुंडाळून, विमानात मांडीवर धरून आणलीस. मी त्या दिवशी नुसतं "किती दिलेस?" विचारलं. सुलूमावशीला मात्र फोन करून पाऊण तास सांगितलं, तुला माहीत नाही ते. कडेला थोडी बुरशी होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब आणि बाबांचा जुना मलमलचा रुमाल, रेघांच्या दिशेने, गोल गोल, कधीच आडवं नाही. तीन वेळा केलं. आता खरखर नाही. पार्ल्याच्या पावसाळ्यात ४० वर्षं या रेकॉर्डी टिकल्या त्या अशाच. तशी निगा माणसाची घ्यायला काय हरकत आहे? तुमच्या साइटवर पाणी मारतात का धुळीवर? मास्क लावतोस का, की नुसता हनुवटीवर? एन-९५ घे, कापडाचा नको. छातीचा एक्स-रे काढ, आणि ती नळीत फुंकायची तपासणी असते, स्पायरोमेट्री, तीही करून घे. औषधाच्या दुकानातून परस्पर खोकल्याची बाटली आणायची नाही. सहा आठवडे झाले, अमेय. सहा आठवड्यांच्या खोकल्याला 'बदलतं हवामान' म्हणत नाहीत.

माफ कर. ३४ वर्षांच्या इंजिनिअरशी बोलतेय हे विसरायला होतं. तुझ्या त्या उड्डाणपुलाचा फोटो मी फ्रिजवर लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. वॉचमनलाही दाखवला.

पुलावरून आठवलं. तू पुलांकडे वळलास त्यात थोडा वाटा रोलिन्सचा आहे असं मी मनात धरून चालते. १९५९ मध्ये, ऐन भरात असताना, त्याने मैफली बंद केल्या. आपल्याला अजून येत नाही, असं त्याला वाटलं. घरात रियाज करायचा तर शेजारची बाई गरोदर, तिला त्रास नको. म्हणून सॅक्सोफोन घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जायला लागला. खाली ईस्ट रिव्हर, बाजूने आगगाड्या, आणि हा दिवसाचे पंधरा-पंधरा तास एकटा वाजवतोय, थंडीतसुद्धा. दोन वर्षं. ही गोष्ट ऐकून तू विचारलंस, "आई, पूल किती लांब होता?" रियाजाचं नाही विचारलंस, पुलाचं विचारलंस. बाबा तेव्हा किती हसले होते.

परत आल्यावर १९६२ मध्ये त्याने जी रेकॉर्ड केली तिचं नावच 'द ब्रिज'. जिम हॉलची गिटार आहे तीत. आपली प्रत नवी कोरी दिसते, तू परवा विचारलंसही, ही कधी लावत कशी नाहीस. आता टॅक्सीतलं उत्तर देते.

बाबांना आधी ॲलर्जी सांगितली होती. डॉक्टर म्हणाले, मीही मानलं, कारण मला मानायचं होतं. तू तेव्हा हॉस्टेलला. रात्री आतल्या खोलीत त्यांना उबळ यायची आणि मी बाहेर शाळेचे पेपर तपासत असायचे. दोन वेळा, कदाचित तीन वेळा, मी उठून 'द ब्रिज'चा आवाज वाढवला. मला ते ऐकायचं नव्हतं. त्यांना कळलं असणार, त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. तीन महिन्यांनी एक्स-रे काढला.

ऐकणं मी एकदा थांबवलं होतं, अमेय. पुन्हा नाही जमायचं.

आता एवढंच आणि पुरे. सीडींमध्ये बॉस्टनची मैफल आहे, 'विदाउट अ साँग'. १५ सप्टेंबर २००१. रोलिन्सचं घर वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून हाकेच्या अंतरावर. ११ तारखेला तिथे हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी त्याची इमारत रिकामी केली तेव्हा तो सॅक्सोफोन घेऊन खाली उतरला. त्याने पुढे मुलाखतीत सांगितलंय, त्या दिवसांत घरात वाजवायला म्हणून खोल श्वास घेतला आणि ती हवा थेट पोटापर्यंत गेल्यासारखी वाटली, लगेच वाद्य खाली ठेवलं. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी बॉस्टनला जायची त्याची इच्छा नव्हती. ल्युसिलने, बायकोने, लावून धरलं म्हणून गेला. ७१ वर्षांचा होता. आणि ती मैफल आपल्यापर्यंत आली ती श्रोत्यांत बसलेल्या एका चाहत्याने टेप केली होती म्हणून. २००५ मध्ये निघाली, तीतल्या एका सोलोला ग्रॅमीही मिळाला. पुढे त्याच्या फुप्फुसांना फायब्रोसिस झाला. २०१२ नंतर मैफल नाही, मग घरीसुद्धा वाजवणं सोडावं लागलं. त्या धुराचा आणि आजाराचा संबंध मी जोडत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण आज संध्याकाळी ती सीडी लावली आणि संगीत ऐकलंच गेलं नाही. नुसते श्वास मोजत बसले. छान, भरलेले, लांब श्वास आहेत. त्या माणसाला तेव्हा काहीच झालं नव्हतं.

तर न्यायच्या रांगेत ३० एलपी आहेत. दहा होणार नाहीत. माझा शिवणाचा टेबल सोडते, तिथे कपाट बसेल, मी मापं घेतली आहेत. 'वे आउट वेस्ट' मात्र पॅकर्सच्या खोक्यात टाकणार नाही, हातात घेऊन जाईन.

बुधवारी सुट्टी टाक आणि सकाळी उपाशीपोटी जाऊ नकोस, चक्कर येते तुला. एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठव, रिपोर्ट नंतर आला तरी चालेल. रात्री मी फोन करीन. रागावला असलास तर बोलू नकोस, नुसता धरून ठेव.

तुझी,
आई

ता. क. तुझा निळा स्वेटर रेकॉर्डच्या कपाटामागे सापडला. धुऊन उद्या कुरियर करते. त्यात मफलरही घालतेय, तो नाकावरून घ्यायचा, नुसता गळ्यात नाही.