नमुना 1 मधले रिकामे रकाने

संपादक महोदय,

अल्पवयीन मुलगा मोबाइल चोरताना सापडला की कारण ठरलेले असते: वाईट संगत. ठाण्यातल्या कागदावरही अनेकदा तेवढेच लिहून मोकळे होतात.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाखालील 2016 च्या आदर्श नियमांत नियम 8 स्पष्ट आहे. किमान सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचा, किंवा प्रौढांसोबत केलेला गुन्हा सोडला, तर मुलावर एफआयआर होत नाही. ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद करायची आणि नमुना 1 मधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल पहिल्या सुनावणीआधी अशा मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. शाळा का सुटली, व्यसन कोणते, कमाई कुठे जाते, कुणा मोठ्या माणसाने मुलाला वापरले का, असे रकाने त्यात आहेत. घाबरलेल्या पोराला चार प्रश्न विचारून ते भरले जात नाहीत. आईला गाठावे लागते, घरी जावे लागते. चोरीचा मोबाइल कुणी विकत घेतला हे तर हमखास राहते. वास्तविक मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला याच अधिनियमाच्या कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. पोरगा मंडळापुढे उभा राहतो, घेणारा दुकानातच बसलेला असतो. मुलाच्या परिस्थितीची चौकशी करून मंडळाला अहवाल देणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याला या सामाजिक तपासणीसाठी पंधराच दिवस असतात. पहिला कागद कोरा असला की ते माहिती गोळा करण्यातच जातात.

सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो आणि नववीत गळती होते. घरी आई एकटी कमावणारी असेल तर पोरगा कामाला लागतो. विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईच्या मुलाला मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वातून महिना 4000 रुपये मिळू शकतात. शहरात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 96,000 च्या आत हवे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे. खरी पंचाईत परित्यक्तेची. तिच्याकडे ना मृत्यूचा दाखला, ना घटस्फोटाचा कागद. तिच्या बाबतीत गृहभेटीचा अहवाल तपशीलवार हवा.

इंदूरच्या मराठी मंडळांत निवृत्त शिक्षक आणि बँकवाले कमी नाहीत. व्याख्यानमाला चालूच राहोत, पण वस्तीतल्या अशा दोन-चार घरांचे कागद त्यांनी लावून द्यावेत. आणि पंक्चरचे सोल्यूशन हुंगणारे पोरगे दिसले, तर चोरी होण्याची वाट न पाहता 1098 या बाल हेल्पलाइनवर फोन करावा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी 14446 आहे.

— बाल न्याय क्षेत्रातील एक कार्यकर्ती, इंदूर