मॉर्फिनची गोळी जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळू द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. बावीस वर्षं मी काउंटरवर उभा आहे. कुठली गोळी किती जोराची, हे मला लोकांना रोज सांगावं लागतं. माझ्या वडिलांना गालाचा कॅन्सर झाला, तेव्हा तेच गणित माझ्या घरात आलं.

बाबांना खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, सवय होती. निदान झालं तेव्हा तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. पॅरासिटामॉल आठवडाभर पुरलं, मग ट्रामाडॉल सुरू झालं. कॅप्सूल उघडून पूड पाण्यात कालवायची आणि चमच्याने गालाच्या चांगल्या बाजूने सोडायची. बाबा निवृत्त शिक्षक. प्रत्येक डोसची वेळ ते वहीत लिहीत. पहिल्या पानांवर दोन वेळांमध्ये आठ तासांचं अंतर आहे, नंतर सहाचं, नंतर चारचं. शेवटी अक्षरच वाकडं झालंय.

साहेब, मॉर्फिन म्हणजे अफूपासून काढलेलं जोरदार वेदनाशामक. ट्रामाडॉल हे त्याच्याच नात्यातलं औषध आहे, पण दुबळं. तोंडाने घेतलेलं १०० मिलिग्रॅम ट्रामाडॉल ढोबळमानाने १० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीचं धरतात. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे ते द्यायचं नसतं, कारण पुढे दुखणं कमी होण्याऐवजी फिट येण्याचा धोका वाढतो. म्हणजे कितीही दिलं तरी ४० मिलिग्रॅम मॉर्फिनएवढ्या आरामावर गाडी अडते. त्याच नात्यातल्या कोडीनचंही तसंच. शिवाय कोडीनचं शरीरात मॉर्फिन व्हावं लागतं, आणि काहींच्या यकृतात ते फारसं होतच नाही. अशा माणसाने खोकल्याच्या औषधासारखं कितीही कोडीन प्यायलं तरी दुखणं जागच्या जागी.

मला हे सगळं माहीत होतं. तरी एका रात्री दोन वाजता, बाबा उशी चावत असताना, मीच त्यांना जास्तीच्या दोन कॅप्सूल दिल्या. पहाटे त्यांना फिट आली.

त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. मॉर्फिनची इंजेक्शनं तिथे ऑपरेशन थिएटरच्या कपाटात होती, गोळ्या नव्हत्या. डॉक्टर भले होते. म्हणाले, "गोळ्या ठेवायला आमच्याकडे मान्यता नाही, शहरात न्या." माझ्या स्वतःच्या दुकानातही मी त्या ठेवू शकत नव्हतो.

शहरातल्या कॅन्सर रुग्णालयात १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी सुरू झाली. दिवसाचे ६० मिलिग्रॅम. तेवढा आराम ट्रामाडॉलने द्यायचा तर ६०० मिलिग्रॅम लागले असते, म्हणजे देताच आला नसता. पहिले दोन दिवस बाबांना गुंगी होती, थोडी मळमळही झाली. तिसऱ्या दिवशी ते ओसरीत खुर्ची टाकून बसले आणि मला पेपर मोठ्याने वाचायला लावला. शौचाला खडा होण्याचा त्रास मात्र शेवटपर्यंत राहिला. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लिहावं लागतं. आमच्या भागातल्या किती डॉक्टरांना हे कुणी शिकवलंय?

"सवय लागेल" हे मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलंय. अमेरिकेत मॉर्फिनच्याच जातीच्या ऑक्सिकोडोनसारख्या गोळ्या कंबरदुखीलाही वाटल्या गेल्या आणि लाखो माणसं गेली, ती भीती खोटी नाही. पण सवयीची भीती घालायची कुणाला? ज्याच्याकडे दोन महिने उरलेत त्याला? हिशेबाने, तोंडावाटे, लागेल तसं हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन गेली कित्येक दशकं कॅन्सरच्या वेदनेचं मुख्य औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

मॉर्फिन नाही म्हणून पैसेवाल्यांना फेंटानिल या त्याच जातीच्या औषधाची, कातडीवर चिकटवायची पट्टी लिहून दिली जाते. मूत्रपिंड निकामी असेल किंवा गिळताच येत नसेल तेव्हा ती उत्तमच. पण ती महाग आहे, आणि नाजूकही. ताशी २५ मायक्रोग्रॅमची पट्टी म्हणजे दिवसाला जवळपास ६० मिलिग्रॅम मॉर्फिन. ज्याच्या अंगाला आधी अशा औषधाची सवय नाही, त्याला ती थेट लावली तर श्वास मंदावू शकतो. तापात ती जास्त शोषली जाते, आणि काढली तरी असर तासन्‌तास राहतो. गोळीचं तसं नाही. ती चार तासांत उतरते आणि कमी-जास्त करता येते.

आणि ही गोळी स्वस्त आहे. अफू आपल्याच देशात पिकते. शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरला, शेतकरी सरकारी परवान्यावर बोंडाला चिरा देऊन चीक गोळा करतात आणि तो नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो.

कायदाही आता आडवा येत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने एकेका दवाखान्याला चार-पाच परवान्यांसाठी खेटे घालायला लावले होते. संसदेने २०१४ मध्ये तो बदलला. २०१५ पासून राज्याच्या औषध नियंत्रकाने एखाद्या दवाखान्याला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' ठरवलं की पुरे. केरळने २००८ मध्येच वेदनाशमनाचं राज्य धोरण आणलं.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयाला ही मान्यता घेऊन द्या. तो शिक्का अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, म्हणून त्या खात्याच्या मंत्र्यांना सोबत घ्या. तिथल्या दोन डॉक्टरांना आणि एका फार्मासिस्टला प्रशिक्षण द्या. १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा साठा खरेदीच्या यादीत टाका.

सुरुवात म्हणून कुठल्याही एका जिल्हा रुग्णालयाचं औषधसाठ्याचं रजिस्टर मागवा. त्यात 'मॉर्फिन गोळी' असं पान आहे का, आणि असलं तर त्यावरची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, ते स्वतः पाहा.

आपला,
विदर्भातला एक औषधविक्रेता