बाळाला दूध पुरते का?

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

मुलगी झाल्याचे कळून मनापासून आनंद झाला. पत्रासोबत तू प्रश्नांची जंत्रीच पाठवली आहेस, पण नीट पाहिले तर त्यांतले निम्मे प्रश्न एकाच शंकेतून निघालेले आहेत : वहिनींचे दूध बाळाला पुरते की नाही? आमच्या बालरोग विभागात हा प्रश्न रोज कानावर पडतो आणि तो विचारणारी बहुधा बाळंतीण नसते, तिच्या खाटेभोवती जमलेली मंडळी असतात.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो दाट, पिवळसर आणि थोडाच असतो, आणि थोडाच असायला हवा, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक लहान चमचा मावतो. रोगांशी लढणारी द्रव्ये त्यात भरपूर असल्याने त्यातला थेंबही वाया घालवू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरून येतो. या मधल्या काळात बाळाचे वजन उतरते. जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट अपेक्षितच असते आणि ती साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. तेव्हा २८०० ग्रॅमची मुलगी २६२० वर आली म्हणून तुमच्या घरात जो हलकल्लोळ झाला, त्याला काही आधार नव्हता.

बाळ रडते म्हणजे उपाशी आहे, हे गणित सोडून दे. रडणे मोजू नये, लंगोट मोजावेत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा शू होत असेल, सुरुवातीची काळी चिकट शी जाऊन मोहरीसारखी पिवळी शी होऊ लागली असेल आणि पिऊन झाल्यावर बाळाच्या मुठी सैल पडत असतील, तर दूध पुरते आहे असे खुशाल समजावे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते, आणि संध्याकाळी तर काही बाळे तासातासाला मागतात. त्याचा अर्थ दूध आटले असा नव्हे.

दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळ जितके ओढेल तितके येते, आणि रात्रीच्या पाजण्याने तर दूध वाढवणारे संप्रेरक अधिकच स्रवते. म्हणूनच ‘रात्रीपुरते थोडे वरचे दूध देऊ, तिलाही झोप मिळेल’ या प्रेमळ सल्ल्याचा परिणाम असा होतो की भरल्या पोटी बाळ ओढत नाही, ओढले नाही म्हणून दूध कमी होते, आणि कमी झाले म्हणून डब्यातल्या पावडरीचा एक चमचा वाढतो. पंधरा दिवसांनी सगळे जण म्हणतात, पाहा, आम्ही म्हणत होतोच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू वहिनींना जरूर द्यावेत, कारण बाळंतिणीला दोन घास अधिक लागतातच; पण दूध वाढवण्याचे काम लाडवाहून बाळाचे तोंडच अधिक करते.

ते तोंड मात्र नीट लागले पाहिजे. वहिनींना दुखते असे तू लिहिलेस, त्यावरून मला वाटते की बाळ केवळ बोंडशी तोंडात घेते आहे. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे, आणि डोके, मान व पाठ एका रेषेत असावी. बोंडशी वरच्या ओठाला लावून बाळाने जांभईएवढा ‘आ’ करेपर्यंत थांबावे आणि मग त्याला जवळ ओढावे. आईने पुढे वाकू नये. हनुवटी स्तनाला रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडशीभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने बराचसा तोंडात, असे दिसले की समजावे, जमले. आधी भराभर चोखणे, मग संथ लय आणि गिळण्याचा बारीक आवाज. तो आवाज कान देऊन ऐक.

आता उरलेले झटपट. सहा महिने पाणीसुद्धा नको, सोलापूरच्या उन्हाळ्यातही नको. दुधात बहुतांश पाणीच असते. मधाचे बोट वर्षभर वर्ज्य, कारण त्यातून बोटुलिझम नावाचा घातक आजार होऊ शकतो. गुटी नको. काजळ नको, त्यात शिसे असू शकते. नाळेला हळद, तेल, पावडर काही लावू नये. कोरडी ठेवली की पाच ते पंधरा दिवसांत आपोआप गळून पडते. नाकाकानात तेल नको. धुरी तर नकोच, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी त्याहून नको. डोके गोल होण्यासाठी काकूंनी मोहरीची उशी शिवली आहे, ती प्रेमाने कपाटात ठेवावी. बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणेच निजवावे. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, मीठ-मोहऱ्या बाळाच्या पोटात जात नाहीत.

कावीळ बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी दिसतेच. मात्र ती पहिल्या चोवीस तासांत दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळ पिईनासे झाले, मलूल पडले, झटके आले, अंग तापले किंवा गार पडले, शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास होऊ लागले किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. ही लक्षणे ओळखायला डॉक्टरच लागतो असे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, तिथले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. आज आशाताई घरोघरी येऊन बाळाला तपासतात त्यामागे हे काम आहे. तुमच्याकडे त्या आल्या की दारातून परत पाठवू नका.

तुझ्या वाट्याला काय, असेही तू विचारले आहेस. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, वहिनींच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवणे, आणि ‘दूध कमी दिसतेय’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या खोलीबाहेर गाठून चहा पाजणे. चौदाव्या दिवशी त्याच काट्यावर, कपडे काढून बाळाचे वजन कर आणि आकडा मला कळव.

तुझा,
दिलीप

ता.क. ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट द्यायचे असतात. पण काही बाटल्यांत एका मिलिलीटरला ४०० युनिट असतात तर काहींत ८००, म्हणून लेबल वाचून, त्याच बाटलीच्या ड्रॉपरने मोजावे.